उपासाची झटपट रबडी

"दुधापाशी उभं राह्यलं की तोंड बंद ठेव वं बाई. बोलणारीचं दूध लागते."

झुंबरबाईंनी हे सुचिताला सांगितलं तेव्हा सुचिताच्या हातातला हिरवा चुडाही उतरला नव्हता. सासूचं म्हणणं असं, की बाईचं ध्यान एक तर जिभेवर राहतं नाही तर उलथण्यावर. दोन्हीकडे राहत नाही. सुचितानं ते इतकं मनावर घेतलं की दुधापाशी सोडाच, ती कुठंच फारशी बोलेनाशी झाली. मोताळ्यात त्यांच्या गल्लीत तिला काही जणी गरीब म्हणत, काही जणी घुमी म्हणत. दोन्हीचं तिला सारखंच होतं.

डिंपलनं मात्र दूध गॅसवर ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली होती आणि दूध उतरलं, निवलं, तरी ती बोलतच होती.

डिंपल म्हणजे पुष्पाबाईंची सून. राहायला पुण्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस सासरी यायची आणि चारही दिवस सासरच्या लोकांना सुधारून जायची. या खेपेला तिनं विठ्ठल मंदिराशेजारच्या भजनी मंडळाच्या हॉलमध्ये ‘दुधाचे झटपट पदार्थ’ शिकवायचं ठरवलं होतं. पुष्पाबाई मंडळाच्या अध्यक्ष, त्यामुळे हॉल मिळाला, सतरंज्या मिळाल्या, आणि बायकाही मिळाल्या, कारण न येणारीची पुष्पाबाई पुढच्या भजनात नावानिशी चौकशी करत. जिथं टाळ-मृदंग ठेवायचे त्या टेबलावर आता मिक्सर होता, आणि त्याच्यापुढं तीन पायांच्या काठीवर एक मोबाइल. डिंपल बायकांशी कमी आणि त्या मोबाइलशी जास्त बोलत होती.

"तर फ्रेंड्स, आपल्या आज्या काय करायच्या? तास-तास दूध आटवत बसायच्या. का? तर त्यांना ऑप्शनच नव्हता!"

पुढच्या रांगेत बसलेल्या आज्या कौतुकानं हसल्या.

मग डिंपलनं ऑप्शन दाखवले. आंब्याचं मिल्कशेक झालं. त्यात आंबा नव्हता, पिवळं सरबत होतं. थंडाई झाली, तिचा मसाला पुडीतला होता आणि पुडी दोन्ही बाजूंनी मोबाइलला दाखवून झाली. दुधाच्या पावडरीचे पेढे झाले. ते वळताना डिंपलच्या नखांना चिकटले, तेव्हा तिनं मोबाइल तेवढा वेळ बंद ठेवला. दर पदार्थाला ती म्हणायची, "इझी आहे की नाही?" आणि बायका म्हणायच्या, "हाव, इझी आहे!" घरी ज्यांना भाताला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या, त्यासुद्धा म्हणत होत्या.

सुचिता शेवटच्या रांगेत, कूलरच्या वाऱ्यात बसली होती. ती आली होती ती पुष्पाबाईंनी दारात येऊन सांगितलं म्हणून. "उद्या तू आमाले बासुंदी चारणार ना? मंग आज माह्या सुनेचं पाह्यला ये. शिकून घे. तेवढाच तुहा गॅस वाचंल."

उद्याची बासुंदी साधी नव्हती. दोन वर्षांमागं झुंबरबाई न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता अंथरुणावरच. तेव्हा सुचितानं विठोबाला बोलून ठेवलं होतं : आत्याबाई आपल्या पायानं तुझ्या देवळात आल्या, तर वर्षभराच्या साऱ्या एकादश्यांना मी धान्याचा कण तोंडात घालणार नाही, आणि शेवटच्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी एक मेहूण जेवू घालीन, बासुंदी-पुरीचं. गेल्या वैशाखात झुंबरबाई काठी टेकत, वाटेत सगळ्यांना शिव्या घालत, देवळाच्या पायऱ्या चढल्या. सुचितानं त्या दिवसापासून व्रत धरलं. पुढं थंडीत म्हातारी तापानं गेली, पण गेली ती चालतीबोलती गेली. व्रत चालूच राहिलं. आज त्यातली शेवटची एकादशी होती, आणि उद्याचं मेहूण म्हणजे पुष्पाबाई आणि त्यांचे यजमान रामराव.

"आता शेवटचा आयटम!" डिंपलनं टाळी वाजवली. "आज एकादशी आहे, सो ऑल माय लव्हली लेडीजसाठी, उपासाची झटपट रबडी!"

पुष्पाबाईंनी मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं. बघा, माझ्या सुनेला तिथी कळते.

डिंपलनं दूध तापवलं, डब्यातलं गोड आटीव दूध ओतलं, केशराचा रंग टाकला. मग काचेच्या बरणीतून पांढरा भुगा मुठीमुठीनं सोडला. "हे माझं सिक्रेट. आत्ता नाही सांगणार." दूध पाहता पाहता दाट झालं. बायकांनी "आई गं" केलं. कागदी कप वाटले गेले. पुष्पाबाईंनी पहिला कप हॉलच्या भिंतीवरल्या विठ्ठलाच्या फोटोपुढं ठेवला, हात जोडले, आणि फोटोपुढचा तोच कप उचलून खायला घेतला, कारण मोबाइल त्या बाजूला वळला होता.

सुचितानं पहिला चमचा तोंडात घातला. जिभेवर काहीतरी दाणेदार आलं, आणि तो दाणा खव्याचा नव्हता. खव्याचा दाणा दाताला चिकटतो. हा ओला, फुगलेला, पोकळ होता. मागून एक आंबूस वास आला, बसस्टँडजवळच्या बेकरीवरून जाताना येतो तसा. सुचिताचा चमचा कपाच्या काठावर थांबला.

हा पाव आहे.

विचारावं का? पुष्पाबाईंच्या सुनेला, सगळ्यांदेखत, मोबाइल चालू असताना? म्हणतील, लई शहाणी, सासूची जागा घ्यायला निघाली. आणि खरं सांगायचं तर ते गोड होतं, थंड होतं, आणि सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. नसेलही पाव, असं तिनं मनाला सांगितलं. मनानं लगेच ऐकलं. अशा वेळी ते फार शहाण्यासारखं वागतं. तिनं दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. मग कपाचा तळ खरवडला.

"भाभी, सुभानल्ला!" शेजारी बसलेल्या राबियानं मिटक्या मारल्या. राबिया सुचिताच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिला फालूदा शिकायचा होता म्हणून ती आली होती, आणि फालूदा काही झाला नव्हता. "हे तं आमच्या शाही टुकड्यावानी लागते! फक्त यायनं पाव तळला नाही, तसाच चुरून टाकला." आणि मग कौतुकानं, मोठ्यानं, पुढं हाक देऊन : "डिंपल बेटा! पाव कोनता घेतला वं? मिठा का सादा?"

"ओ माय गॉड, आंटींनी ओळखलं!" डिंपल आनंदानं उडालीच. "करेक्ट! ब्रेडक्रम्स! मिल्क ब्रेड, कडा काढून मिक्सरमधून फिरवायचा. आहे की नाही इझी?"

या खेपेला कोणी "हाव" म्हणालं नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी तेवढं वाजत राहिलं. पुढच्या रांगेतल्या बेबीताईंचा चमचा तोंडातच होता. तो बाहेर काढावा की गिळावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी गिळलं.

"पाव म्हंजे काय," अखेर पुष्पाबाई म्हणाल्या, "मैदाच ना. मैद्याले कोनी धान्य म्हनते का? धान्य म्हंजे ज्वारी, गहू."

"मैदा गव्हाचाच राह्यते ना पन?" मधल्या रांगेतून कोणीतरी बारीक आवाजात विचारलं.

"त्याच्यातलं गव्हाचं सारं काढून टाकतात. म्हनून तं पांढरा राह्यते."

"अन् बेकरीत भाजेल राह्यते," दुसरी म्हणाली. "भाजेल चालते. आपन भगर नाही का भाजून घेत."

"दुधात बुडालं म्हंजे दूधच झालं ते," बेबीताईंना आता वाचा फुटली. "चहात साखर टाकल्यावर साखर दिसते का कोनाले?"

"आई, चिल!" डिंपल म्हणाली. "तुम्ही साबुदाणा खाता ना? तो पण फॅक्टरीतच बनतो. लॉजिकली सेमच आहे."

लॉजिकली हा शब्द सगळ्यांना धीर देऊन गेला. पण दोष कुठंतरी ठेवायला हवाच होता. डिंपलवर ठेवता येत नव्हता. ती अध्यक्षांची सून. पुष्पाबाईंवर तर मुळीच नाही. मग पुष्पाबाईंची नजर शेवटच्या रांगेपाशी येऊन टेकली.

"तुले काऊन मंदात बोला लागलं वं राबिया? कोनाले माहीत नव्हतं तवालोक सगळ्याइचे उपास चांगले होते."

राबियाचा कप हातातच राहिला. "पुष्पाताई, मले काय मालूम तुमचा उपास आहे? तुमी तं सगळ्याजणी खाऊन राह्यल्या होत्या!"

एक-दोघींना हसू आलं; त्यांनी ते पदरात दाबलं. पुष्पाबाईंनी ज्या दोघी हसल्या त्यांची नावं मनात टिपून घेतली. राबियानं कप सतरंजीवर ठेवला, चपला शोधल्या, आणि जाताना एवढंच म्हणाली, "तारीफच केली होती मी." सुचितानं तोंड उघडलं नाही. तिच्या घुमेपणाचा तिला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

मग पुष्पाबाईंनी गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गुरुजी कुठल्याशा वास्तुशांतीत होते. मागं भांड्यांचा आवाज येत होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "नकळत घडलं ना? मंग दोष नाही. देवाचं नाव घ्या अन् सोडून द्या."

"नकळतच हो गुरुजी! कोनालेच माहीत नव्हतं!"

हॉलमध्ये जीव आला. बायका पुन्हा टेकून बसल्या. बेबीताईंनी विचारलं, "डिंपल, उरली आहे का वं थोडी?"

उरली होती. तीही वाटली गेली. ती नकळत होती की कळून, हे गुरुजींना कोणी पुन्हा फोन करून विचारलं नाही.

सुचिता उठली तेव्हा पुष्पाबाईंनी आवाज दिला, "उद्या बारा वाजेलोक येतो आमी! आमच्या यायले गोड लई चालत नाही, पन बासुंदी म्हटली की चालते."

घरी गजेंद्र ओट्यापाशी उभा होता. त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांपैकी एका गवळ्याकडून तो उद्यासाठी म्हशीचं दूध घेऊन आला होता. किटली अजून हातातच होती.

"पाणी नाही एक थेंब, माह्या समोर काढून घेतलं," तो अभिमानानं म्हणाला. "पाह्यजो, साय कशी धरते."

सुचितानं त्याला सगळं सांगितलं. ती इतकं बोलते हेच त्याला नवल वाटलं, म्हणून तो ऐकत राहिला. आणि ऐकून झाल्यावर हसला.

"मंग? गुरुजीनं सांगितलं ना दोष नाही? झालं तं मंग."

"गुरुजीनं नकळत म्हणून सांगितलं."

"नकळतच तं होतं."

"बाकीच्यायचं. मले कळलं होतं. पहिल्याच चमच्यात."

गजेंद्रनं किटली खाली ठेवली. त्याला कुठल्या बाजूनं जावं कळेना, म्हणून तो सोप्या बाजूनं गेला. "हे पाय सुचिता. जिच्यासाठी केलं ती आई आता नाही. देवाले काय करा लागते तुह्या एका चमच्याशी?"

"आत्याबाई चालल्या होत्या ना देवळालोक?"

"चालल्या."

"म्हंजे त्यानं त्याचं केलं."

"मंग तू काय करतं आता? वर्ष पुन्हा धरतं?"

"हाव."

"उभं वर्ष?"

"मी बोलली होती तेवढं."

गजेंद्रनं कपाळाला हात लावला. गल्लीतल्या इतर नवऱ्यांच्या बायका पावाची रबडी खाऊन वरून आणखी मागत होत्या, आणि आपल्याच वाट्याला ही कशी आली, असं त्याच्या तोंडावर साफ लिहिलेलं होतं. "अन् हे दूध? मी काय सांगू त्याले, परत म्हशीत घाल?"

सुचितानं दूध तापवलं, गॅस बंद केला, आणि उन्हं कलली तशी पुष्पाबाईंकडे गेली.

पुष्पाबाई झोपाळ्यावर होत्या, रामराव शेजारी. डिंपल आतल्या खोलीत आजच्या व्हिडिओतून राबियाचा आवाज कापत होती. "काऊन मंदात बोला लागलं" हे वाक्यही मधूनमधून ऐकू येत होतं आणि दर वेळी मध्येच तुटत होतं.

"ताई, उद्याचं जेवण राहू द्या," सुचिता उभ्या उभ्याच म्हणाली. "व्रत पुरं नाही झालं माझं. पुढच्या वर्षी सांगायला येईन."

झोपाळा थांबला.

"म्हंजे? आजचा उपास मोडला म्हनतं तू?"

"माझा मोडला."

"एकटीचा? एकाच भांड्यातलं खाल्लं सगळ्याइनं. तुहा मोडला असंल तं आमचाबी मोडला. असं म्हनतं का तू? सरळ म्हन ना तसं."

"तुमचं मले माहीत नाही ताई. तुमाले माहीत नव्हतं, तुमाले दोष नाही. मले कळलं होतं. पहिल्या चमच्यालेच कळलं, अन् तरी खाल्लं."

 पुष्पाबाईंनी आवाज उतरवला. आणि जे त्या एरवी भजनात सांगत नसत ते अगदी मायेनं सांगितलं. "मंग गप राह्य ना बाई. तुले कळलं हे कोनाले कळलं?"

सुचिताला वाटलं, किती सोपं आहे यांचं सगळं. दूध आटवायचं नाही, नुसता भुगा टाकायचा. पाप-पुण्यातही तसंच, दोन मिनिटांत दाट. आणि आपण त्या कपाचा तळ खरवडला, तेव्हा आपलंही तेवढंच सोपं झालं होतं. पुष्पाबाईंना हसायला आता तिला तोंड उरलं नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागत होतं.

"मले कळलं ना ताई," ती म्हणाली.

"मंग... बासुंदी?" रामरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा झोपाळ्याच्या कड्या मोजू लागले.

"जा तू," पुष्पाबाई म्हणाल्या. "लई देवाची माणसं तुमी. आमी आपले साधे."

दुसऱ्या दिवशी बासुंदी झालीच, कारण दूध कोणाच्या व्रतासाठी थांबत नाही. नवसाची नाही, घरची. सुचितानं ती आटवली, बुडाला लागू दिली नाही. गजेंद्रनं तीन वाट्या खाल्ल्या. प्रत्येक वाटीला तो म्हणाला की हा सारा येडेपणा आहे, आणि प्रत्येक वाटीनंतर हात पुढं केला.

एक डबा घेऊन सुचिता राबियाकडे गेली. राबिया कणीक मळत होती. तिनं डब्याकडे पाहिलं, सुचिताकडे पाहिलं.

"काल मले तुह्या बाजूनं बोला लागत होतं," सुचिता म्हणाली. "नाही बोलली."

"छोडो भाभी." राबियानं झाकण उघडून वास घेतला, आणि मग डोळे बारीक केले. "याच्यात पाव तं नाही ना?"

"नाही वं."

"पाह्य बरं. नाही तं पुन्हा माह्याच अंगावर यायच्या सगळ्या." आणि दोघी हसल्या, सुचिता जरा उशिरा हसली.

भजनी मंडळात मग सुचिताचं नाव दुसऱ्या रीतीनं घेतलं जाऊ लागलं. गल्लीत ती दिसली की कोणीतरी म्हणायचं, "बाई, बाजूला व्हा, पवित्र माणूस येऊन राह्यलं." बेबीताईंनी तर तिला किराणा दुकानात गाठून, सगळ्यांदेखत, पावाचा पुडा दाखवला होता, "घेतं का?" असं विचारत. डिंपल पुण्याला गेली. तिच्या व्हिडिओखाली कोणाकोणाचे बदाम आणि हात जोडलेली चित्रं आली, हे पुष्पाबाई अजून सांगत. उपासाची झटपट रबडी गल्लीत घरोघर होऊ लागली. एकादशीलाही होऊ लागली, म्हणजे आता कळूनही होऊ लागली, फक्त बरणीतल्या भुग्याला सगळ्याजणी "सिक्रेट" म्हणत, पाव म्हणत नसत.

ज्येष्ठातली दुसरी एकादशी उजाडली. सुचिता पहाटेच न्हाली. गजेंद्र पालथा झोपला होता. त्यानं एक डोळा उघडला, तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं, तिथी आठवली, आणि काही न बोलता कुशीवर वळला. महिनाभर थट्टा करून तो थकला असावा, किंवा त्यालाही आता या गोष्टीची लाज थोडी कमी वाटू लागली असावी. सुचितानं तांब्या भरला, तुळशीची दोन पानं पदराच्या टोकाला गुंडाळली, कडी वाजणार नाही असं दार ओढून घेतलं.

गल्लीत पुष्पाबाई दारापुढं सडा टाकत होत्या. त्यांनी तिला पाहिलं आणि बादली घेऊन पाठ केली. सुचितानं पाऊल हलकं केलं, सडा ओलांडताना पदर आवरला, आणि देवळाच्या वाटेला लागली.